आंबागडची शुगर

आमच्या मंडळाचं नाव ‘श्रीकृपा ज्येष्ठ नागरिक भजन व आरोग्यसेवा मंडळ, मोहाडी’. हे नाव बॅनरवर छापून झालं की शिबिराची तारीख टाकायला जागाच उरत नाही. मग लोक भलत्याच दिवशी येऊन बसतात आणि आम्ही त्यांना अडाणी म्हणतो. मंडळात आम्ही अकरा जण. सरासरी वय सत्तर. अकरा जणांत मिळून तीन स्टेंट, पाच कवळ्या, चार बदललेले गुडघे, आणि बीपी तर जवळपास सगळ्यांनाच. महिन्यातून एकदा आम्ही एखाद्या गावात जातो आणि तिथल्या धडधाकट माणसांची तब्येत तपासतो.

अध्यक्ष तुलाराम गुरुजी, वय चौऱ्याहत्तर. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त होऊन त्यांना सोळा वर्षं झाली, पण ही गोष्ट त्यांनी अजून मान्य केलेली नाही. फोटो काढायला कैलाश असतो. तो एसटीत कंडक्टर होता, आणि अजूनही “पुढं सरका” म्हटल्याशिवाय त्याला फोटो काढता येत नाही. आणि मी खुशाल, चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यात कंपाउंडर. मंडळात औषधपाण्यातलं कळणारा मी एकटाच. पुढे जे झालं ते वाचताना एवढं ध्यानात ठेवा, म्हणजे माझी उगाच कीव येणार नाही.

फेब्रुवारीत आमचं शिबिर आंबागडला होतं. या वेळी शिबिराला वजन होतं, कारण एका मोठ्या धर्मादाय दवाखान्याच्या डोळ्यांच्या डॉक्टर, मेघा मॅडम, स्वतः येणार होत्या. मॅडम मोतीबिंदू तपासणार, आणि ज्यांचा पिकला असेल त्यांना पुढच्या गुरुवारी दवाखान्याची गाडी घेऊन जाणार. ऑपरेशन फुकट, जेवण फुकट, काळा चष्माही फुकट. अट एकच, शुगर दोनशेच्या आत पाहिजे. डोळे मॅडमकडे, शुगर मंडळाकडे. म्हणजे माझ्याकडे.

रांगेत मनकर्णाबाई होती. सत्तरीची, काटकुळी, जावेचा खांदा धरून आलेली. मॅडमनी बॅटरी मारून दोन्ही डोळे पाहिले आणि तिचं नाव यादीत पहिलं लिहिलं. माझ्या टेबलाकडे येता येता ती म्हणाली, “कंपोंडर भौ, माहं काम होईन ना जी?”

“काहून नाई होनार, माय?”

“मले काई टीव्ही नाई पाहाचा. सकाळी परसाकडं जाले सुनेले उठवा लागते. थे काई बोलत नाई, गुनाची हाये. पन उसासा टाकते. थो उसासा मले आयकू येते ना.”

तिला एवढंच हवं होतं. कुणाला न उठवता आपलं आपण उठून जाता यावं. बाकी लोक देवाकडे बंगला मागतात.

आता शुगर तपासायची म्हणजे कसं, हे मला झोपेतही सांगता येतं. हात साबणानं धुवायचा, डाव्या हाताचं बोट घ्यायचं, स्पिरिटनं पुसायचं, वाळू द्यायचं, टोचायचं. पण आमच्या मंडळात आधी सेवा आणि मग तपासणी, असा नियम आहे. सेवा म्हणजे दीपप्रज्वलन, एकमेकांना हार घालणं, दोन भजनं (जी गुरुजी चार म्हणतात), गुरुजींचं मार्गदर्शन आणि शेवटी पंचामृत. पंचामृतातला मध मीच आणला होता. नाकाडोंगरीच्या जंगलातला, अस्सल, चमच्यावरून उतरायला तयार नसलेला. गुरुजी म्हणाले, सढळ हातानं घाला. मीही घातला.

पंचामृत उजव्या तळव्यावर घ्यायचं, प्यायचं आणि उरलेला ओला हात डोक्यावरून फिरवायचा, हे लहान पोरालाही माहीत असतं. तीर्थाचा हात धुवायचा नसतो. ज्यांच्या डोक्यावर केस आहेत त्यांचा हात थोडाफार पुसला जातो. आंबागडच्या म्हाताऱ्यांत असे फार नव्हते.

पहिल्या माणसाचा मी डावा हात ओढला, तर गुरुजी माइकवरूनच कडाडले, “खुशालराव! देवाच्या मांडवात डावा हात?” मी उजवा घेतला. मग मी स्पिरिटची बाटली उघडली. गुरुजींनी नाकाला उपरणं लावलं. “हे काय वास मारून राहिलं? मांडवात दारूचा वास नाई पायजे.” चौतीस वर्षं ज्याच्याशिवाय मी कुणाला सुई लावली नाही, ती बाटली मी मुकाट्यानं पिशवीत घातली. का घातली? पुढच्या बैठकीत उपाध्यक्ष नेमायचा होता म्हणून. लाज वाटण्याजोगं कारण आहे, पण दुसरं नाही.

पहिला आकडा आला दोनशे अडुसष्ट. दुसरा तीनशे एक. तिसरा दोनशे नव्वद. दहाव्या माणसाला तरी माझी ट्यूब पेटायला हवी होती. त्याऐवजी मी मान हलवून म्हणालो, “भात. भातानं घात केला.” चौऱ्याऐंशी जणांत एकसष्ट जणांना शुगर निघाली. ज्यांना नाही निघाली ते उशिरा आले होते आणि त्यांना पंचामृत पुरलं नव्हतं. हे मला त्या दिवशी दिसलं नाही. मोतीबिंदू फक्त गावाला होता असं कोण म्हणतो?

गुरुजींचा आनंद तर पोटात मावेना. त्यांनी माइक हातात घेतला. “बंधू-भगिनींनो, आपन आज नसतो आलो तं हे गाव हातचं गेलं असतं!” कैलाशनं एकसष्ट दुःखी माणसांना पुढं सरका म्हणत म्हणत एका फोटोत बसवलं आणि मंडळाच्या ग्रुपवर टाकलं. शंभरावर अंगठे आले. कुणीतरी जोडलेले हात आणि फूलही पाठवलं.

एकटी बेबीबाई नाराज होती. बेबीबाई म्हणजे मनकर्णाबाईची धाकटी जाऊ. तिला आठ वर्षांपासून खरीखुरी शुगर, रोज दोन गोळ्या. गावात शुगरवाली ती एकटीच, त्यामुळे लग्नात तिच्यासाठी चहा वेगळा व्हायचा. आता सगळं गावच शुगरवालं झाल्यावर तिचा वेगळा चहा कोण करणार?

मनकर्णाबाईचा आकडा आला तीनशे बारा. मेघा मॅडमनी माझा कागद पाहिला आणि यादीतल्या पहिल्या नावावर रेघ ओढली. “आजी, आधी शुगर कमी करा. आता आमची गाडी दिवाळीनंतर येईल, तेव्हा पाहू.”

मनकर्णाबाईचं टोचलेलं बोट अजून तसंच पुढे होतं. “म्हंजे नाई का जी?” तिनं मला विचारलं. मी म्हणालो, “भात बंद करा, माय.” ती हवेत हात फिरवून जावेचा खांदा शोधू लागली. तिचा चेहरा मला पाहवला नाही, म्हणून मी दुसऱ्याचं बोट टोचलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या घरी सत्यभामाबाईंनी, म्हणजे माझ्या बायकोनं, चहासोबत पहिला प्रश्न ठेवला. “तुमी काल आंबागडले शुगर तपासाले गेलते का वाटाले?”

तिला स्वतःला अकरा वर्षांपासून शुगर आहे, घरात यंत्र आहे, आणि मी सांगितलेलं ती कधी पुरतं खरं मानत नाही. यालाच संसार म्हणतात.

“येका गावात येकसष्ट? शुगर काय खरूज हाये का, येकाची दुसऱ्याले लागाले?” ती म्हणाली. “लोकायनं हात धुतले होते?”

“तीर्थाचा हात कोन धुते?”

“पंचामृतात मध होता?”

मी चहा खाली ठेवला. ती उठली, मधाची बाटली आणली, माझ्या उजव्या हाताच्या बोटांवर थेंबभर ओघळू दिला आणि म्हणाली, “आता चाटा, अन् टकलावरून फिरवा.” तिनं टोचलं. यंत्रानं तीनशे चाळीस दाखवले. मग साबणानं हात धुवून डाव्या हाताचं बोट टोचलं. सत्त्याण्णव.

“मंग?” सत्यभामाबाई म्हणाल्या. “माणसाची नाई, मधमाशीची शुगर मोजून आले तुमी.”

मी लगेच मेघा मॅडमना फोन लावला. मॅडमनी ऐकून घेतलं, हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. “काका, सगळ्यांची तपासणी पुन्हा करा. आणि गाडीत एक जागा आहे अजून. त्या आजींची नवी तपासणी करा आणि मंडळाच्या लेटरहेडवर, अध्यक्षांच्या सहीनं, दुरुस्तीचं पत्र द्या. बुधवारपर्यंत पाहिजे. पत्राशिवाय मला नाव घालता येत नाही.”

गुरुजी अंगणात आरामखुर्चीत होते. मी सगळं सांगितलं. ते डोळे मिटून ऐकत होते, आणि माझं संपल्यावर त्यांनी एकच वाक्य उच्चारलं. “खुशालराव, पंचामृतानं साखर वाढत नाई.”

“गुरुजी, बोटाले मध लागला होता.”

“तो मध नव्हता. तीर्थ होतं.”

मी म्हणालो, यंत्राला तीर्थ कळत नाही. ते म्हणाले, तोच तर यंत्राचा दोष. शिवाय रविवारी मोहाडीत मंडळाचा सत्कार ठरला होता, आंबागडची शुगर शोधून काढल्याबद्दल. शाली आल्या होत्या. हार सांगून झाले होते. आता शुगर नव्हतीच म्हटलं तर शाली कुणाला द्यायच्या, मधमाश्यांना?

मंगळवारी तुमसरला गाडी बदलून मी आंबागडला गेलो. गावावर सुतकी कळा. ज्याच्या त्याच्या अंगणात कारल्याचा रस, कडुलिंबाचा पाला, मेथीचे दाणे. पिढ्यानपिढ्या धान पिकवणारी माणसं भाताकडे चोरासारखी पाहत होती. मनकर्णाबाई उपाशीच बसली होती. दोन दिवसांत तिनं शितालाही हात लावला नव्हता, आणि सूनबाई बिचारी पुन्हा पुन्हा कारल्याचा पेला आणून देत होती.

मी तिचा डावा हात साबणानं धुतला, पुसला, स्पिरिट लावलं. मांडव नव्हता, त्यामुळे कुणाच्या नाकाला त्रास झाला नाही. आकडा आला चौऱ्याण्णव.

“कमी का जास्त?” तिनं विचारलं.

“येकदम बराबर हाये, माय. त्या दिवशी मशीन बिघडली होती.”

मशीन! आयुष्यभर सरकारी नोकरी केलेल्या माणसाच्या तोंडून चूक कबूल व्हायची वेळ आली की आधी मशीनचं नाव निघतं. तिनं मात्र दोन्ही हात जोडले आणि म्हणाली, “तुमी इतक्या दुरून माह्यासाठी आले जी.” मला तिथं बसवेना. बाकीच्या साठ जणांना न तपासताच मी चारची गाडी पकडली. आधी हिचं पत्र, मग बाकीचे, असं मी मनाला बजावलं.

बुधवारी सकाळी मी पुन्हा गुरुजींच्या अंगणात. मी हात जोडले. एका म्हातारीचे डोळे आहेत, म्हणालो. गुरुजी वाईट माणूस नाहीत, हे मला इथे सांगायला हवं. त्यांचेही डोळे भरून आले. ते आत गेले, लेटरहेड घेऊन आले आणि सुंदर अक्षरात त्यांनी लिहिलं, ‘सौ.’ खोडून ‘श्रीमती मनकर्णाबाई यांची शुगर दि. मंगळवार रोजी तपासली असता ९४ आढळली. तरी त्यांना ऑपरेशनसाठी घ्यावे.’ पेन सहीवर आणलं आणि थांबवलं.

“तीनशे बारावरून चौऱ्याण्णव. दोन दिवसात,” ते हळू आवाजात म्हणाले. “खुशालराव, याले काय म्हनाचं?”

“चूक म्हनाचं.”

“पंचामृताची कृपा म्हनाचं,” गुरुजी म्हणाले. “रविवारी सत्कारात तुमी दोन शब्द बोलाचे. तुमी औषधातले मानूस. तुमी बोलले तं लोकायले पटते. मी आताच सही करतो.”

मी नाही म्हणालो नाही. एका सहीसाठी दोन शब्द. त्यात कुणाचं काय जातं, असं मला वाटलं. त्यांनी सही केली, शिक्का मारला, शिक्क्यावर फुंकरही मारली. मी पत्राचा फोटो काढून मेघा मॅडमना धाडला आणि गुरुवारी मनकर्णाबाई गाडीत बसली. दवाखान्यात त्यांनी पुन्हा शुगर पाहिली, ती अठ्ठ्याण्णव आली. शुक्रवारी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. शनिवारी पट्टी निघाली. मला फोनवर सुनेनं सांगितलं, “मामंजीचा फोटो पाहून रडली बुडी. मने, फोटोले जाळे लागले, कोनी पुसत काहून नाई?”

मी खरंच सुखावलो. रविवारी शाल अंगावर घेऊन माइकसमोर उभा राहिलो तेव्हाही ते सुख अंगात होतंच. मी दोन शब्द बोलायला गेलो आणि वीस मिनिटं बोललो. चौतीस वर्षांचा अनुभव सांगितला. असं मी आयुष्यात पाहिलं नाही, म्हणालो, आणि हे तर अक्षरशः खरं होतं. तीनशे बारा! दोन दिवस! चौऱ्याण्णव! टाळ्या थांबेनात. सत्यभामाबाई दुसऱ्या रांगेत होत्या, त्या मधेच उठून घरी गेल्या. कैलाशनं व्हिडिओ काढला आणि नाकाडोंगरीपासून भंडाऱ्यापर्यंत सगळीकडे पोचवला. मी उपाध्यक्ष झालो.

महिन्यानं मेघा मॅडमसोबत आम्ही पुन्हा आंबागडला गेलो, ऑपरेशन झालेल्यांचे डोळे बघायला. मांडवात मावत नव्हती इतकी माणसं. डोळे दाखवायला आलेली आठ, बाकीची सगळी पंचामृतासाठी. कुणी गडवा आणला, कुणी पाण्याची बाटली, एकानं तर पाच लिटरची कॅन. गुरुजींनी या वेळी मधाचा डबाच आणवला होता. आणि पातेल्यापाशी, काळा चष्मा लावून, पळी हातात धरून मनकर्णाबाई उभी.

“या जी भौ!” मला लांबूनच ओळखून तिनं हाक मारली. “आता मी कोनाले उठवत नाई. येकटी जातो, येकटी येतो. तुमचं भाषण मोबाईलवर पायलं मी. मशीन बिघडली मनत होते ना तुमी? देवाचं मनाले लाजले का?”

मी हसल्यासारखं केलं. तिनं पळी भरून समोरच्या गडव्यात ओतली. गडवा बेबीबाईचा होता. एक पळी, दोन पळ्या, तिसरी. “पी माय, रोज पी,” मनकर्णाबाई जावेला म्हणाली. “माही गेली, तुही बी जाईन.”

बेबीबाई लंगडत होती. डाव्या पायाच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली, तिच्यावर माश्या. मी विचारलं, “हे काय झालं?”

“दगड लागला होता, भरूनच नाई राहिलं.”

“गोळ्या घेऊन राहिल्या ना?”

“नाई जी. तुमचं भाषण आयकलं तवापासून बंद. पंचामृतच घेतो, घरी करून. सकाळ-संध्याकाळ.”

मी तिला बाजूला नेलं, साबणानं हात धुवायला लावला, डाव्या हाताचं बोट घेतलं आणि स्पिरिट ओतलं, पुसायचं सोडून अर्धी बाटली तिच्या हातावरच ओतली. वास मांडवभर गेला. गुरुजी खाकरले. टोचलं. यंत्रात आकडा आलाच नाही. सहाशेच्या वर गेलं की यंत्र आकडा दाखवायचं सोडून देतं. मेघा मॅडमनी चिंधी सोडून अंगठा पाहिला आणि गाडीच्या ड्रायव्हरला हाक मारली. “आत्ताच्या आत्ता निघायचं. पाय वाचला तर वाचला.”

गुरुजींचं मार्गदर्शन चालूच होतं. मी त्यांच्या हातातून माइक काढून घेतला. आयुष्यात पहिल्यांदा कुणी ते केलं असेल.

“मनकर्णाबाईले शुगर कदीच नवती,” मी म्हणालो. “कोनालेच नवती, बेबीबाई सोडून. तुमच्या बोटाले मध होता, अन् मी हात न धुता टोचलं. पंचामृतानं कोनाची शुगर जात नाई, वाढते. मशीन बी बिघडली नवती. मी खोटं बोललो. दोनदा बोललो. ज्याच्या गोळ्या चालू होत्या त्यानं आज घरी जाऊन पयले गोळी घ्या.”

मग गुरुजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “खुशालरावची तब्येत बरी नाई वाटते.” आणि खरं सांगतो, निम्म्या लोकांना तेच पटलं. कॅनवाला कॅन घेऊन पातेल्याकडेच सरकला. चमत्कार सांगायला मला वीस मिनिटं लागली होती आणि लोकांनी तो पहिल्या मिनिटालाच घेतला होता. खरं मी एका मिनिटात सांगितलं, ते घ्यायला कुणी पुढे येईना.

मनकर्णाबाई आली. तिनं पळी पातेल्यात टाकली, पातेल्यावर झाकण ठेवलं आणि त्यावर कुणाचा हात जाऊ नये म्हणून आपल्या सुनेला तिथं उभं केलं. बेबीबाईच्या हातातला गडवा काढून घेतला. जावेला धरून गाडीत बसवलं, तिच्या पायाखाली पिशवीची घडी ठेवली आणि तिच्याजवळ बसायला निघाली. मी दार धरून उभा होतो. काहीतरी बोलावं म्हणून म्हणालो, “माय, तुमच्या डोळ्यासाठीच बोललो मी ते. त्याबिगर गुरुजी सही देत नवते.”

तिनं काळा चष्मा काढला. मॅडम ओरडल्या, चष्मा काढू नका. तिनं ऐकलं नाही. ऑपरेशन झालेला डोळा स्वच्छ होता, आणि तो तिनं माझ्यावरून हलवला नाही.

“माहे डोळे माह्या जावेच्या पायाच्या मोलानं घेतले का जी तुमी?” ती म्हणाली. “मले इचारलं असतं तं मी सुनेचा उसासा आयकला असता जलमभर.”

मग तिनं चष्मा लावला आणि माझ्या हातातून गाडीचं दार ओढून घेतलं.